उगवलेलं ठिगळ

थोरल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि खुर्चीत बसले. बघण्यासारखं फार नव्हतंच. छातीच्या डाव्या बाजूला, जिथे फुप्फुसाने ऐसपैस पसरायला हवं, तिथे आतडं वर चढून बिऱ्हाड थाटून बसलं होतं. तेच भोक, तिसऱ्यांदा. नको असलेल्या भाडेकरूला दोनदा बाहेर काढावं आणि तिसऱ्यांदा तो आतूनच दार उघडायला यावा, तसा प्रकार. थोरल्यांना खरं तर राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात थोडा जोर लागतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेच पुन्हा पाहिलं.

भोक जन्मापासूनचं होतं. आपल्या सगळ्यांच्या छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो. तो खाली गेला की श्वास आत, वर आला की बाहेर. या मुलीचा पडदा डावीकडे पुरता झालाच नव्हता. जन्मली तेव्हा थोरल्यांनी आतडं खाली घेऊन त्या जागी प्लॅस्टिकच्या कापडाचं ठिगळ शिवलं. मुलगी वाढली, ठिगळ होतं तेवढंच राहिलं आणि कडेने उसवलं. मग दुसरं, मोठं ठिगळ. आता मुलगी साडेचार वर्षांची झाली होती आणि तेही उसवलं होतं. मूल वाढतं आणि प्लॅस्टिक वाढत नाही, यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. पण तेच पोट तिसऱ्यांदा उघडायचं म्हटलं की कोणाचीच चूक नसण्याचाही वीट येतो.

मुलीला वॉर्डात सगळे बटण म्हणायचे. खाट वरखाली करायचं बटण तिला सापडलं होतं आणि दिवसभर ती स्वतःला उचलत आणि उतरवत असे. चार पावलं चालली की धाप लागायची, म्हणून खाटेनेच फिरायची बिचारी. तिची आई शहरातली बस चालवायची. ड्यूटी संपली की तशीच कामाच्या कपड्यांत येऊन खाटेशेजारी बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची.

या वेळी प्लॅस्टिक लावायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. हॉस्पिटलच्या तळघरात एक लॅब होती आणि तिथे बटणसाठी ठिगळ उगवत होतं. उगवत होतं हाच शब्द बरोबर. जनावराच्या आतड्याचं पातळ अस्तर घ्यायचं, त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या, म्हणजे नुसती जाळी उरते. मुलीच्या पाठीतून नखाएवढा स्नायू काढायचा, त्याच्या पेशी वाढवायच्या आणि त्या जाळीवर पेरायच्या. मग ते सगळं उबेच्या कपाटात ठेवून एका यंत्राने हळूहळू ताणायचं आणि सोडायचं, ताणायचं आणि सोडायचं, म्हणजे पेशींना श्वासाची सवय होते. मेंढ्यांमध्ये जमलं होतं. माणसात या हॉस्पिटलने अजून एकदाही केलं नव्हतं.

लॅब चालवणाऱ्या बाईंना थोरले माळीणबाई म्हणत. बाई स्वभावाने फटकळ, पण हे नाव त्यांनी चालवून घेतलं होतं. "माझ्या रोपाला कोणी हात लावायचा नाही" असं त्या खरोखरच दिवसातून दहादा म्हणत, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

माळीणबाईंची अट एकच होती.

"ओढायचं नाही," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिकला तुम्ही ओढून बसवता, तसं याला नाही चालणार. सैल शिवायचं. झोळ राहिला पाहिजे."

"झोळ," थोरले म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, की जणू कोणी त्यांना बूट उलटे घालून चालायला सांगितलं होतं.

"यात अजून रक्त नाही, डॉक्टर. सुरुवातीचे दिवस ते शेजारच्या मांसाकडून उसनं घेऊन जगणार. कडेला ताण पडला की उसनं मिळायची वाट बंद. कडा मेली की टाका सुटला, आणि टाका सुटला की आतडं परत वर. मग तुम्ही आहात आणि तुमचं प्लॅस्टिक आहे."

"आणि चौथं ऑपरेशन."

"ते त्या फुप्फुसाला झेपणार आहे का?"

झेपणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

आता इथेच घोडं पेंड खात होतं. कारण थोरल्या डॉक्टरांचं नाव झालं होतं ते ताणासाठीच. शिकाऊ डॉक्टर त्यांना पाठीमागे टिचकी म्हणत. ठिगळ शिवून झालं की थोरले त्यावर बोटाने हलकी टिचकी मारून बघत. ठिगळ टणक लागलं की मान हलवत, आणि मगच पोट बंद करायला घेत. हे ते कोणाकडून शिकले नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते आपल्या वरिष्ठांच्या हाताखाली नुसते पोट उघडं धरून उभे असायचे, तेव्हा एका बाळाचं ठिगळ ढिलं राहिलं होतं. दर श्वासाला ते शिडासारखं वर फुगायचं आणि बाळाच्या एवढ्याशा फुप्फुसाला जागाच उरायची नाही. बाळ गेलं. तेव्हापासून थोरल्यांनी कानाला खडा लावला, आणि तो खडा कानातून हातात कधी उतरला ते त्यांनाही कळलं नाही. नंतर शेकडो बाळं त्या ताणावर जगली, शाळेत गेली, त्यातल्या काहींची लग्नं झाली. हात चुकीचं शिकला होता असं म्हणायची कोणाची छाती होती?

सरावासाठी माळीणबाईंनी डुकराच्या पेशींची ठिगळं वाढवून दिली. लॅबच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या बरगड्यांचा लहान मुलाएवढा पिंजरा होता. आतल्या बाजूला कोंबडीचं मांस बसवलेलं आणि खाली पंपाने हलणारा फुगा. थोरल्यांनी पहिलं ठिगळ शिवलं. टाके एकसारखे, बघत राहावे असे. शेवटी सवयीने बोट पुढे गेलं आणि टिचकी बसली. ओलं, मऊ ठिगळ त्या जागी खचलं, चिखलात अंगठा रुतावा तसं.

"अरे!" माळीणबाई ओरडल्या. बोलायचं आणखी बरंच होतं त्यांना, पण थोरल्यांचं तोंड बघून त्यांनी शब्द गिळले.

तपासणी दुसऱ्या दिवशी. शिवलेलं ठिगळ काढून त्यावर रंग घालायचा. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. थोरल्यांच्या ठिगळाला सगळीकडून लाल काठ होता. दुसऱ्या खेपेला थोरल्यांनी दोरा बदलून मागितला. उजेड कमी आहे म्हणाले. खुर्ची उंच आहे म्हणाले. काठ लालच आला.

सराव धाकटीही करत होती. धाकटी म्हणजे विभागातली दुसरी सर्जन, थोरल्यांचीच विद्यार्थिनी. ती इथे शिकायला आली तेव्हा तिला सुई कशी धरायची तेसुद्धा थोरल्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे पहिल्या ठिगळाला तिनेही चांगला लाल काठ आणला.

"तुमचंच पाणी आहे, सर," ती हसून म्हणाली. "आवळल्याशिवाय बरंच वाटत नाही."

पण दुसऱ्या खेपेला तिचा काठ तुटक झाला आणि तिसऱ्या खेपेला हिरवा. थोरल्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचा हिरवा रंग बघितला. "छान," म्हणाले. खरंच छान होतं. पण आपल्याला हेवा वाटतोय हे कळून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. या वयात, आणि आपण घडवलेल्या पोरीचा! दोघं मूग गिळून हात धुवत उभे राहिले.

त्याच संध्याकाळी वॉर्डाच्या दारात बटणच्या आईने त्यांना गाठलं.

"डॉक्टर, तुम्हीच करणार ना ऑपरेशन?"

"बघू, धाकट्या डॉक्टरही आहेत, त्या..."

"नाही, तसं नको. तुम्हीच करा. हिला जन्मल्यापासून तुम्ही बघताय. दुसरं कोणी आत हात घालणार म्हटलं ना, तर मला उभं राहवणार नाही." तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत बटण खाट वर नेत होती आणि वरून दोघांकडे बघत होती.

"हो," थोरले म्हणाले. "मीच करीन."

म्हणून मोकळे झाले आणि जिना उतरताना लक्षात आलं की आपण मोकळे मुळीच झालेलो नाही. शब्द दिला होता, आणि कशाच्या भरवशावर? लाल काठाच्या? दमलेला माणूस पुष्कळदा हो म्हणतो, कारण नाही म्हणायला पुढे चार वाक्यं बोलावी लागतात.

तिसरं सरावाचं ठिगळ त्यांनी त्याच रात्री जीव लावून शिवलं. दर टाक्याला मनात म्हणत होते, सैल, सैल, सैल. पहिली गाठ सैल पडली. दुसरी सैल पडली. गाठ पक्की करायला तिसरा फास घालताना बोटांनी जो हलकासा हिसका दिला, तो त्यांना दिसला. पण हिसका देऊन झाल्यावर दिसला. डोळ्यांच्या आधी बोटं पोचत होती. त्यांनी तो टाका कापला, पुन्हा घेतला. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी हात टेबलावर ठेवून दिले आणि त्यांच्याकडे बघत बसले, दुसऱ्याच्या हातांकडे बघावं तसे. हातांना कंप नव्हता. म्हातारपणाने थरथरले असते तर किती सोपं झालं असतं! सांगून टाकलं असतं, लोकांनी हारतुरे दिले असते. इथे हात ठणठणीत होते, आणि तेच आडवे येत होते.

या वेळी त्यांना दुसऱ्या दिवशीच्या रंगाची गरज नव्हती. ठिगळ तसंच टेबलावर सोडून ते घरी गेले.

घरी बायकोने जेवणाच्या टेबलावर एक खोकं ठेवलं होतं. परगावी असलेल्या लेकीला पाठवायचं पार्सल. थोरल्यांनी आदल्या दिवशी ते सुतळीने बांधलं होतं आणि बायकोला आता त्यात एक स्वेटर घालायचा होता. ती गाठीत काटा खुपसून बसली होती.

"अहो, हे खोकं बांधलंय की कोणाचा गळा आवळलाय?"

"कापून टाक."

"दर वेळी कापायचंच? पस्तीस वर्षं कात्री घेऊन तुमच्यामागे फिरतेय मी. कचऱ्याची पिशवी कापा, बुटाची नाडी कापा. सैल म्हणजे काय ते कळतच नाही का तुम्हाला?"

एरवी थोरले हसले असते, उलट उत्तर दिलं असतं. आज ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ठिगळ, झोळ, लाल काठ, त्या आईला दिलेला शब्द. बायकोने काटा खाली ठेवला आणि ऐकून घेतलं. ती शाळेत मुख्याध्यापिका होती. ऐकून घ्यायची तिला सवय होती, आणि ऐकून झाल्यावर लांबण न लावण्याचीही.

"मग नका करू," ती म्हणाली.

"सोपं आहे होय?"

"सोपं कुठे म्हटलं मी? नका करू म्हटलं."

"ती बाई मला काय म्हणेल?"

"म्हणेल ते ऐकून घ्या. तिचा हक्क आहे तो." मग थोडं थांबून तिने विचारलं, "आणि तुमची ती पोरगी? तिला जमतं का?"

"जमतं," थोरले म्हणाले. हे एवढं म्हणायला त्यांना बराच वेळ लागला. म्हणून झाल्यावर एकदम थकवा आला, आणि स्वेटर, सुतळी सगळं तसंच टेबलावर सोडून ते जाऊन आडवे झाले.

सकाळी त्यांनी आधी धाकटीला गाठलं. ती चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होती.

"बटणचं तू कर," ते म्हणाले. "मी समोर उभा राहीन."

तिने कप खाली ठेवला. "सर, नक्की?"

"तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार?" तिचा आवाज जरा चढला, मग खाली आला. "तुम्हाला मी काय सांगू, सर? रोज ठरवत होते, आज बोलीन. आणि रोज वाटायचं, तुम्हीच म्हणाल."

थोरल्यांच्या मनात आलं, एक दिवस आणखी गप्प राहिलो असतो तर हीही राहिली असती, आणि दोघांच्या भिडेपायी ते पोर माझ्याच हाताखाली टेबलावर गेलं असतं. पण ते बोलून दाखवायला ते थांबले नाहीत. अवघड काम अजून पुढेच होतं.

बटणची आई वॉर्डात मुलीचे केस विंचरत होती. थोरल्यांनी तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावलं आणि आडवळण न घेता सांगितलं की ऑपरेशन धाकट्या डॉक्टर करतील.

आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा कठीण झाला.

"दोनदा तुम्ही केलंत. दोनदा उसवलं. मी एका शब्दाने बोलले नाही. आणि आता तिसऱ्यांदा हात झटकताय?"

"हात झटकत नाही."

"मग काय म्हणायचं याला?"

थोरल्यांजवळ डॉक्टरांची म्हणून एक भाषा होती. तिच्यात दहा गोष्टी सांगता आल्या असत्या, आणि त्यातली एकही खोटी नसती. पण त्यांनी आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "हे ठिगळ सैल शिवावं लागतं. माझा हात ओढतो. ओढू नको म्हटलं तरी ओढतो. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा बिघडवलं. सरावाची होती म्हणून चाललं. तुमच्या मुलीचं एकच आहे."

बाई हातांकडे बघत राहिली. पॅसेजमधून औषधांची गाडी खडखडत गेली.

"काल हो का म्हणालात मग?" तिने विचारलं.

"चुकलं माझं."

तिने डोळे पुसले, रागाने. "तिथे तरी असाल ना? का तेही नाही?"

"असेन. समोरच असेन."

ऑपरेशनच्या दिवशी माळीणबाई स्वतः डबी घेऊन आल्या. कोणावर सोपवायला तयारच नव्हत्या. डबीतल्या गुलाबी पाण्यात ते ठिगळ पडलं होतं, तळहाताएवढं, दुधावरच्या सायीसारखं, आणि कडेला एक निळा दोरा, कुठली बाजू वर ते कळावं म्हणून. त्यांनी ते सिस्टरच्या स्वाधीन केलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. धाकटीने पोट उघडलं.

आतलं सगळं थोरल्यांच्या ओळखीचं होतं, आणि ओळखीचं होतं म्हणूनच वाईट वाटत होतं. जुने व्रण त्यांचेच होते. पूर्वीचे टाके त्यांच्याच अक्षरासारखे दिसत होते. धाकटीने आतडं अलगद सोडवून खाली घेतलं, उसवलेलं प्लॅस्टिक कापून काढलं आणि नवं ठिगळ पुढच्या कडेपासून शिवायला घेतलं. टाका, सैल गाठ. टाका, सैल गाठ. ठिगळ लटकत राहिलं, त्याला सुरकुत्या पडल्या, आणि थोरल्यांना ते बघवत नव्हतं. ते गचाळ काम दिसत होतं. त्यांच्या तीस वर्षांचा सगळा जीव आतून ओरडत होता, की ओढ ते, ओढ. त्यांनी दात आवळले आणि पोट उघडं धरून ठेवलं.

मागच्या कोपऱ्यात ती अडली. तिथे टाका घ्यायला कडच उरली नव्हती. दोन ऑपरेशनांत थोरल्यांनीच ती वापरून टाकली होती. नुसता कठीण व्रण, आणि त्यामागे बरगडी. सुई बरगडीच्या मागून फिरवून आणायला हवी होती, न दिसणाऱ्या जागेतून, आणि जरा चुकलं की रक्तवाहिनी. धाकटीने एकदा प्रयत्न केला. सुई अर्ध्यात अडली. तिने ती मागे घेतली आणि कोन बदलून पुन्हा घातली. पुन्हा अडली.

"नाही पोचत, सर."

भूल देणारे म्हणाले, "वेळ फार घेऊ नका. तिला जड जातंय."

तिने वर बघितलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते आणि त्यात जे होतं ते थोरल्यांनी ती शिकत असताना पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी हात पुढे केला. सुई त्यांच्या हातात आली आणि हाताला बरं वाटलं, आपल्या घरात शिरल्यासारखं. या जागेत ते डोळे मिटून फिरू शकत होते. सुई व्रणाखालून गेली, बरगडीला घासून वळली आणि जिथे निघायची तिथे निघाली. ठिगळाची कड त्यांनी चिमट्याने धरली, टाका घेतला, दोऱ्याची दोन्ही टोकं वर आणली.

आणि आता गाठ.

टाका घेईल त्यानेच गाठ मारायची, हा या थिएटरातला नियम थोरल्यांचाच होता. बोटं आपणहून पहिल्या फासाकडे निघाली होती. भिंतीशी माळीणबाई ताठ झाल्याचं त्यांना न बघताही कळलं.

"गाठ तू मार," ते म्हणाले आणि त्यांनी टोकं पुढे केली.

धाकटीने टोकं धरली. पण दोरा सैल होईना. तिने थोडी वाट पाहिली.

"सर, सोडा."

सोडला आहे, असंच त्यांना वाटत होतं. खाली बघितलं तर दोन्ही टोकं त्यांच्याच चिमटीत होती, ताणलेली, आणि ठिगळाची ती सायीसारखी कड ओढली जाऊन पातळ पडायला लागली होती. तिच्यासुद्धा हातात दोरा होता, पण ती ओढत नव्हती. ओढली असती तर ठिगळ फाटलं असतं. ती नुसती धरून उभी होती, शिष्याने गुरूसमोर उभं राहावं तशी, आणि डोळे मात्र त्यांच्यावर रोखलेले.

"सर. सोडा ना."

थोरल्यांनी आधी अंगठा उचलला. मग बोट. एवढं साधं काम त्यांनी आयुष्यात इतकं अवघड केलं नव्हतं. दोरा निसटला, ठिगळ खाली आलं, कड पुन्हा सैल झाली. तिने गाठ मारली, सैल. त्यांनी पुढचा टाका घेतला आणि या वेळी टोकं पुढे करताना स्वतःच मोठ्याने म्हणाले, "सोडतोय." सगळा मागचा कोपरा असाच झाला. सुई यांची, गाठ तिची, आणि दर वेळी यांनी लहान मुलासारखं सांगायचं, सोडतोय. सिस्टरला हसू आलं असेल तर तिने ते मास्कमागे ठेवलं. थोरल्यांना वाईट वाटत होतं, सरळ वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी खांद्यांवरून काहीतरी उतरतही होतं. डोळे भरून आले, ते सिस्टरने न सांगता टिपले.

पोट बंद करायच्या आधी भूल देणाऱ्यांनी फुप्फुसात हवा भरली. ठिगळ झोळ घेऊन खाली गेलं आणि हवा सोडल्यावर वर आलं, थोडंसं, आणि थांबलं. फुगलं नाही. माळीणबाई रिकामी डबी घेऊन निघून गेल्या.

बाहेर बाकावर बटणची आई कामाच्याच कपड्यांत बसली होती. थोरल्यांना बघून ती उठली.

"झालं. श्वास चांगला चाललाय," ते घाईने म्हणाले, कारण आधी हेच सांगायचं असतं. "थोड्या वेळाने बघता येईल."

तिने भिंतीला हात टेकला.

"कोणी केलं?"

"तिने केलं. मागचे काही टाके मी घेतले. गाठी सगळ्या तिच्या."

"आणि घट्ट बसलंय ना आता?"

थोरल्यांच्या तोंडात उत्तर तयारच होतं. अगदी घट्ट, मुळीच काळजी करू नका. मागे दोन्ही वेळा त्यांनी तिला जे काही सांगितलं, ते अशाच भरवशाने सांगितलं होतं, आणि ते ऐकून ती घरी गेली होती.

"नाही," ते म्हणाले. "सैल आहे. मुद्दाम सैल ठेवलंय."

तिच्या चेहऱ्यावर भीती आली. "मग टिकेल का?"

"माहीत नाही मला. ते वाढेल, ती वाढेल, तसं बघत जावं लागेल."

बाई खाली बसली. तिने थोरल्यांकडे नीट बघितलं, जणू या माणसाला इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच बघत होती.

"इतक्या वर्षांत माहीत नाही असं कधी म्हणाला नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"नाही म्हणालो."

त्यांचे पाय दुखत होते. उभं राहवत नव्हतं आणि जायचंही मन होत नव्हतं.

"मी बसू का इथे थोडा वेळ?" त्यांनी विचारलं.

तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.